मागच्या खोलीची फरशी

"आत पोर दिसली का हो, भाऊ?"

हातगाडीवरून मशीन उतरवत असताना मागून कुणीतरी विचारलं. पाटण्यांच्या घरासमोर एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती. तिच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. विटकं हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, पायांत काही नाही.

"आम्ही आत्ताच येतोय, मावशी," मी म्हणालो. "अजून आत गेलो नाही."

"गेल्यावर बगा. एवढीशी हाय. मनी म्हन्त्यात तिला."

मशीनचं दुसरं टोक इलाही मिस्त्रीच्या हातात होतं. "मास्तर, वळख-पाळख नंतर. माझं मनगाट चाललं हितं."

मी मास्तर कधीच नव्हतो. कऱ्हाडातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. छापखाना बंद झाला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्याखेरीज मला काहीही येत नव्हतं. इलाही शिकलगार आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. मोझॅकच्या फरश्या घासून पॉलिश करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मशीनच्या थरथरीने त्याची मनगटं बधिर होत चालली होती. त्याला ते मशीन विकायचं होतं, पण आपलं नाव घालवील अशा माणसाला नाही. मी शिकतो म्हणालो तेव्हा तो बराच वेळ हसला होता. "शाईत बोटं बुडवून काय झालं? आता राड्यात बुडव," म्हणाला. राडा म्हणजे फरशी घासताना निघणारा करडा चिखल. सहा-सात महिने मी त्याच्या हाताखाली तो उपसला. पाटण्यांची मागची खोली ही माझी परीक्षा होती. ती मी एकट्याने काढायची. नीट निघाली तर मशीन माझं, आणि त्याबरोबर त्याची गिऱ्हाइकंही.

पाटणेकाकूंनी दार उघडलं. उंच, गोऱ्या, नेटक्या बाई. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, समोरच्या पायरीकडे पाहिलं.

"आज परत आलात?"

म्हातारी उठून उभी राहिली. "लांबनं बगते, विहीनबाई. आत येत न्हाई."

"बघून रडवाल तिला. आत्ता कुठे जेवायला लागलीय. सांगितलं ना, लेकरू आमचं आहे, आमच्याकडेच राहील."

"ऱ्हाऊ दे की. मी कुठं न्हाई म्हन्ते? चार दिस माज्याकडं..."

"मिस्त्री, या तुम्ही," काकू म्हणाल्या. आम्ही आत आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

बोळातून मशीन ढकलत नेताना इलाही माझ्या कानाशी म्हणाला, "सुनंची आई हाय. उंब्रजच्या पलीकडलं गाव. रोज पहिल्या येष्टीनं येती आन् दिवस मावळला की जाती. पोर काय देत न्हाईत तिला."

सून गेली हे गावात सगळ्यांना माहीत होतं. शैला तिचं नाव. स्वयंपाकघरात स्टोव्हचा भडका उडाला आणि ती भाजली. नवऱ्याने, म्हणजे विलासने, विझवायचा प्रयत्न केला, त्याचाही हात भाजला. पोलीस येऊन पंचनामा करून गेले होते. सुतक फिटल्यावर पाटण्यांनी घराला चुना दिला आणि आम्हाला बोलावणं धाडलं. फक्त मागची एक खोली घासायची होती.

बोळाच्या टोकाला एक मुलगी जमिनीवर बसून शिलाईच्या दोऱ्याची रिकामी रिळं एकावर एक रचत होती. आम्हाला बघून तिने रिळं फ्रॉकखाली लपवली. मी हसलो. ती हसली नाही.

खोली लहान होती. एक गज लावलेली खिडकी, एक दार. सामान सगळं काढलेलं. चुन्याचा आणि तेलरंगाचा वास येत होता. दाराला नवा रंग दिला होता आणि तो आतल्या बाजूने अजून हाताला चिकटत होता. आतून कडी नव्हती, बाहेरून होती. मला ते बरंच वाटलं, कारण आमच्या धंद्यात स्वतःचं कुलूप न्यावं लागतं. फरशी ओली असताना घरातलं कुणी ना कुणी तरी हमखास त्यावरून चालून जातं आणि सगळ्या कामाची माती होते. म्हणून एकदा काम सुरू झालं की खोली पॉलिशवाल्याची. त्याचं कुलूप, त्याची किल्ली. घरमालकानेही ती मागायची नाही. इलाहीने एकदा एका वकिलाला तीन दिवस त्याच्याच देवघरात जाऊ दिलं नव्हतं. ती गोष्ट तो मोठ्या चवीने सांगायचा.

"पाणी पाज," इलाही दारात उभा राहून म्हणाला. "आज मी फकस्त बगनार."

मशीन लावायच्या आधी फरशीला पोटभर पाणी पाजायचं असतं. कोरडी मोझॅक पाणी पिते आणि तिचा रंग गडद होतो. मी बादली खिडकीपासून ओतत गेलो, खराट्याने पाणी पसरवलं. पाहता पाहता फरशी काळवंडली. सगळी नाही. खिडकीखाली एक मोठा डाग तसाच फिकट राहिला. पाणी तिथे ठरतच नव्हतं. थेंब होऊन बाजूला सरकत होतं. मी अजून एक बादली ओतली. फिकट जागा खिडकीपासून निघून वाकडीतिकडी होत दाराकडे गेली होती. दारापाशी उंबऱ्याला लागून ती पुन्हा रुंद झाली होती.

"मिस्त्री, हे काय आहे?"

इलाही उकिडवा बसला. त्याने नखाने थोडं खरवडलं, बोट नाकाशी नेलं आणि उठला.

"मशीन लाव."

"पण हे..."

"रॉकेल हाय. वरनं सोड्यानं घासलंय, पन दगड आतनं पिलाय. मशीनचा जाड दगड फिरला की निघून जाईल. लाव मशीन."

"इथे रॉकेल कुठून आलं? स्टोव्ह तर स्वयंपाकघरात होता."

"डबा गळला आसंल."

"डबा एका जागी गळेल," मी म्हणालो. "हे दारापर्यंत गेलंय."

इलाहीने दाराकडे पाहिलं, मग बाहेरच्या कडीकडे, मग माझ्याकडे. "मास्तर, तुजी नजर पुस्तकातच बरी हुती."

"आपण कुणाला तरी सांगायला पाहिजे."

"सांग की. कुनाला सांगतोस? हवालदार बगून गेला न्हवं का? त्याला न्हाई दिसलं, तुला दिसलं. मग इचारत्याल, खोलीत कोन हुतं? तू हुतास आन् मी हुतो. माजं नाव घेतल्यावर त्यास्नी म्होरं काय इचारायची गरज पडत न्हाई. दोन लेकी हायेत माज्या लग्नाच्या." त्याने डोक्याला बांधलेला पंचा सोडला, झटकला आणि परत बांधला. "मी बुधवार पेठंतल्या कामावर जातो. सांजच्याला येतो. खोली घासलेली आसली तर मशीन तुजं. नसली तर तू तुज्या घरी आन् मी माज्या."

तो गेला. मी दार लोटून घेतलं आणि भिंतीशी उभा राहिलो.

मी धीट माणूस नाही. त्या वेळीही माझी पहिली धडपड हीच होती की आपल्याला चुकीचं दिसतंय असं स्वतःला पटवावं. आपण या कामात नवखे. रॉकेलचे डाग आधीचे असतील. कुणी फवारणीसाठी आणलं असेल. मी पाणी पुसून काढलं आणि पुन्हा ओतलं. तेच उमटलं. खिडकीपासून दारापर्यंत. दारापाशी शैला बरीच थांबली असणार.

"मशीनचा आवाज का येत नाही?" बाहेरून पाटणेकाकूंनी विचारलं.

"भिजायला वेळ लागतो," मी म्हणालो. "जुनी फरशी आहे."

"दुपारपर्यंत होईल ना?"

"हो."

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. आवाज वाढवून खरं बोलण्यापेक्षा ते सोपं होतं एवढंच.

मी दाराला आमचं कुलूप लावलं आणि बादल्या घेऊन परसात गेलो. परसाला कमरेएवढी भिंत होती. भिंतीपलीकडच्या गल्लीत ती म्हातारी उभी होती. समोरून काही दिसेना म्हणून वळसा घालून आली असणार.

"दिसली का?"

"दिसली. रिळांशी खेळतेय."

"केस विंचरल्यात का?"

मला आठवेना. "हो," मी म्हणालो. मग म्हणालो, "लक्ष नाही गेलं, मावशी."

"तिची आई दोन येन्या घालायची. घट्ट. पोर वरडायची नुस्ती." ती भिंतीवर हात ठेवून घराच्या मागच्या दाराकडे बघत राहिली. "ह्यास्नी काय ती नगं हाय. पोरगीच ती. उद्या जावयाचं लगीन लावत्याल, मग तिला कोन इचारतंय? पन द्यायची न्हाई. दिली तर गाव म्हनंल, ह्यांचंच काय तरी चुकलं आसंल. म्हनून ठिवून घेतलीया."

"पोलिसांत गेला होता का?"

"गेलते. लिवलंय म्हनं सगळं. स्टोच्या भडक्यानं. अंगठा घेतला माजा."

बादल्या भरून झाल्या होत्या. मी त्या उचलल्या, परत खाली ठेवल्या. पुढे मी जे केलं त्याला माझी बायको पुष्कळ दिवस धाडस म्हणत असे. मला तसं कधी वाटलं नाही. जे पाहिलं ते एकट्याने पाहून पुन्हा एकट्याने पुसून टाकणं मला जमत नव्हतं, इतकंच.

"मावशी," मी म्हणालो, "जरा आत येता का? मागच्या दाराने."

तिने कशाला म्हणून विचारलं नाही. तिला वाटलं असेल, मी पोरीकडे नेतोय. बोळात मनी नव्हती. पुढच्या खोलीतून काकूंचा तिला भरवतानाचा आवाज येत होता. म्हातारी त्या आवाजाकडे वळली. मी कुलूप काढलं आणि तिला खोलीत घेतलं.

"इथे उभ्या राहा," मी म्हणालो, आणि पाणी ओतलं.

फरशी भिजली. तो फिकट पट्टा वर आला. मी काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, दगड तेल पितो वगैरे, पण तिला माझी गरज नव्हती. ती त्या पट्ट्याच्या कडेकडेने चालत खिडकीपर्यंत गेली. परत दारापाशी आली. दाराच्या आतल्या बाजूवरून तिने हात फिरवला. बोटांना रंग लागला. मग तिने दाराची बाहेरची बाजू पाहिली.

"कडी भाईरनं हाय."

"हो."

"आतनं न्हाई."

"नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी आणता आलं असतं. ती उंबऱ्यावर बसली.

"हे कवापतूर आसं दिसंल?"

"मशीन फिरेपर्यंत."

"आन् फिरल्यावर?"

"मग काही राहणार नाही."

"तुमी हे सायबाम्होरं सांगशीला? कोर्टात?"

"सांगेन," मी म्हणालो.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन परत ठेवतात तसं काहीसं होतं. "न्हाई सांगनार, भाऊ," ती म्हणाली. "तुमी भले हाय. पन तुमचा आवाज मला हितं, हाताच्या अंतरावर ऐकू येईना."

आज इतकी वर्षं झाली, मला ते खोटं ठरवता आलेलं नाही. ती बरोबर होती असंही म्हणता येत नाही. मला साक्षीला कुणी उभंच केलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "विहीनबाईस्नी हाक मारा."

"मावशी, तुम्ही आत आहात हे त्यांना..."

"मारा हाक."

मी हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या. दारात म्हातारीला बघून त्या थबकल्या. "ह्यांना कुणी आत घेतलं?" त्यांनी मला विचारलं.

"पानी टाका, भाऊ," म्हातारी म्हणाली.

मी टाकलं. काकू बघत राहिल्या. त्यांचा गोरा चेहरा हळूहळू पिवळट झाला. घरातली माणसं एवढे दिवस ती खोली धुवत होती. त्यांनाही हे ठाऊक होतं म्हणूनच आम्ही आलो होतो. पण इतकं स्वच्छ, असं वाट आखल्यासारखं त्यांनी पाहिलं नसावं.

"आम्ही काही केलं नाही," काकू म्हणाल्या. "तिनेच ओतून घेतलं. डोकं फिरल्यासारखं करायची. विचारा कुणालाही."

"आसंल," म्हातारी म्हणाली. "कडी कुनी लावली हुती?"

काकू एक पाऊल मागे सरकल्या.

"ती आतनं दार वाजवीत आसंल की. ऐकू आलं आसंल तुमास्नी. स्वयंपाकघर काय लांब न्हाई."

"विलासला बोलावते," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा." त्या पहिल्यांदाच तिला बसा म्हणाल्या असतील.

विलास दुकानातून स्कूटरवर आला. तिशीचा, दाट केसांचा. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. तो खोलीच्या दारापर्यंत आला, पण फरशीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तू कोण रे? इलाही कुठाय?"

"दुसऱ्या कामावर."

"तुला इथे फरशी घासायला आणलंय की पंचायत भरवायला?"

मी हातातली बादली खाली ठेवली.

"त्यास्नी कशापायी बोलता?" म्हातारी म्हणाली. "माज्याशी बोला, जावईबापू. मला काय नगं तुमचं. चौकीत जात न्हाई, कोर्टात जात न्हाई. पोर द्या."

"नाहीतर?"

"न्हाईतर मी हितनं उठत न्हाई. माज्या अंगावरनं फिरवा मशीन."

तो भिंतीला टेकला. पट्टीचा हात त्याने दुसऱ्या हातात धरला होता. "तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते?" तो म्हणाला. "कोंडून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत शांत होईल म्हणून. नेहमी व्हायची."

"विलास, गप्प बस," काकू म्हणाल्या.

"नेहमी," म्हातारी म्हणाली.

बोळात मनी येऊन उभी होती. आजीला बघून ती धावली नाही. एका हातात रिळं धरून ती काकूंच्या मागे गेली आणि पदराआडून बघू लागली. "मने," म्हातारीने हाक मारली. पोर अजूनच आत सरकली.

"बघा," काकू म्हणाल्या. "तिलाच यायचं नाही."

त्या एका वाक्याने म्हातारीचा चेहरा पडला. मग तिने पिशवीतून एक कंगवा काढला. लाकडी, दात तुटलेला. तो तिने नुसता मांडीवर ठेवला. पोरीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग येऊन पाठ करून तिच्या पुढ्यात बसली.

"घेऊन जा," विलास म्हणाला. "पण आधी फरशी."

"आदी पोर."

"फरशी तशीच ठेवून तुम्ही पोर घेऊन गेलात आणि तिथून चौकीत गेलात, तर?"

"आन् फरशी पुसल्यावर तुमी दार लावून घेतलं, तर?"

दोघांचंही बरोबर होतं. एकमेकांवर विश्वास ठेवायला कुणालाच काही कारण नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुलूप माझं आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आपण बोलायला नको होतं.

"खोलीला नको," मी म्हणालो. "मी ते मागच्या दाराला घालतो, आणि पुढच्या दाराने कुणी ये-जा करायची नाही. मुलगी मावशींपाशी बसू दे, इथेच, उंबऱ्यापलीकडे. काम होईपर्यंत पोरीला कुणी उचलायचं नाही आणि मावशींनी जायचं नाही. झालं की मी दार उघडतो. किल्ली माझ्याकडे."

"आणि तू नाही उघडलंस तर?" विलासने विचारलं.

"पॉलिशवाल्याची किल्ली आहे," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

विलासने आईकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. म्हातारी तोपर्यंत पोरीची दुसरी वेणी घालायला लागली होती. "लावा कुलूप," ती म्हणाली.

मी मागच्या दाराला कुलूप घातलं आणि परत आलो. मशीनच्या वायरीची टोकं काडीने सॉकेटच्या भोकांत अडकवली. मग मी म्हातारीजवळ जाऊन वाकलो.

"मावशी, नक्की ना? हे एकदा गेलं की परत येत नाही."

"ती तरी कुठं येतीया?" ती म्हणाली. "घासा."

मी मशीन चालू केलं. घासायच्या मशीनला दाबून धरलं तर ते हातातून निसटतं. सैल सोडलं की आपोआप ठरतं. इलाहीने हे मला महिनोन्‌महिने सांगितलं होतं आणि माझ्या हाताला ते कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. माझे हात इतके गळाले होते की दाबायला त्यांत जोरच नव्हता. मशीन शांतपणे भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरत राहिलं. खिडकीखालून करडा राडा वर यायला लागला. त्यातून रॉकेलचा वास सुटला, सगळ्यांना येण्याइतका. काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. विलास बोळातच उभा राहिला.

खोली नेहमी खिडकीपासून दाराकडे घासत यायची असते, नाहीतर आपलेच पाय घासलेल्या भागात उमटतात. म्हणजे ती जशी गेली तसाच मी गेलो. हे मला काम करताना सुचलं नाही. आता लिहिताना सुचलं, आणि ते लिहावं की नाही हेही कळत नाही.

उंबऱ्यापाशी आल्यावर मी मशीन थांबवलं. म्हातारी तिथेच बसली होती, मांडीवर मनी. आवाजाने पोरीने कान झाकून घेतले होते. म्हातारीने हात पुढे केला आणि तळवा त्या शेवटच्या फिकट जागेवर ठेवला. किती वेळ ते मी मोजलं नाही. विलास बोळातून निघून गेला. मग तिने हात काढून घेतला, लुगड्याला पुसला आणि पोरीला घेऊन मागे सरकली.

राडा उपसून मी फरशी धुतली. सगळीकडे सारखी दिसत होती.

मागचं दार उघडलं तेव्हा परसात इलाही उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. त्याने आधी म्हातारीकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं, मग आत जाऊन खोली पाहून आला. काकूंनी मनीच्या कपड्यांचं बोचकं आणून पायरीवर ठेवलं. बरंच मोठं होतं. त्यात नको तेही सगळं भरलेलं दिसत होतं.

"हातगाडी घिऊन जा," इलाही मला म्हणाला. "म्हातारीला हे उचलायचं न्हाई."

"आणि मशीन?"

"ऱ्हाऊ दे हितंच. सकाळी तुलाच यायचं हाय, भराई करायला. तुजंच हाय ते आता." पुढे त्याने त्या खोलीबद्दल मला कधीही काही विचारलं नाही.

गाडीवर मशीन ज्या जागी असायचं तिथे बोचकं ठेवून त्यावर मनीला बसवलं. तिला मजा वाटली असावी. रस्ताभर ती गाडीच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. म्हातारी शेजारून चालत होती. स्टँडवर उंब्रजची गाडी लागलेली होती. मी बोचकं आत ठेवलं, पोरीला खिडकीजवळ बसवून दिलं. खाली उतरून मी खिडकीशी उभा राहिलो, कारण लगेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

"तुमी उद्या परत जानार का तिथं?" म्हातारीने खिडकीतून विचारलं.

"हो. अजून काम आहे. बारीक भोकं भरायची, मग बारीक दगड, मग पॉलिश."

"मग नीट करा. वास-बिस काय ठिवू नगा."

मला वाटलं, तिला त्या लोकांची कीव आली. माझ्या तोंडावर तसं दिसलं असणार.

"त्येंच्यासाटी न्हाई," ती म्हणाली. "बापाचं घर हाय ते. ही मोठी झाली की हक्कानं जाईल तिथं. त्या खोलीत निजंल, बसंल, आनवानी चालंल. तवा हिच्या पायाखाली काय ऱ्हायला नगं."

कंडक्टरने घंटी दिली. पोर खिडकीच्या गजाला गाल लावून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटण्यांकडे गेलो आणि तिने सांगितलं होतं तसं केलं.